भाषेची उसनवारी

परकी भाषा शिकायची म्हणजे वर्ग लावायचा, हे पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं ठरलेलं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट नाहीतर मॅक्सम्युलर भवन, फ्रेंच हवी असेल तर आलियाँस फ्राँसेझ. फी भरायची, ठरल्या दिवशी जायचं, गृहपाठ करायचा, परीक्षा द्यायची. २००७ च्या आसपास या वाटेला दुसरी वाट फुटली. इंटरनेटवर अशी संकेतस्थळं निघाली की जिथे आपल्याला येणारी भाषा सांगायची, हवी ती भाषा सांगायची, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अनोळखी माणसाने आपल्या चुका दुरुस्त करायच्या. बदल्यात आपण त्याच्या. पैशाचा संबंध नाही. पुढे हेच मोबाइलवर आलं, २०१२ मध्ये शेन्झेनमध्ये हॅलोटॉक, २०१५ मध्ये बर्लिनमध्ये टँडेम. आपल्याकडे हा प्रकार बराच काळ हौशी मंडळींपुरता होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, सुरुवातीला १० हजार तरुणांचं उद्दिष्ट ठेवलं, आणि नर्स, इलेक्ट्रिशियन अशा कितीतरी कामांसाठी जर्मन यायलाच हवं हे उघड झालं. जिथे जर्मनचा वर्ग तालुक्यात सोडाच, जिल्ह्यातही धड सापडत नाही, तिथल्या मुलामुलींनी ती कशी शिकायची, हा प्रश्न आता पोटापाण्याचा आहे.

त्यावर वाद घालायला इथे दोघींना समोरासमोर बसवतो. एक पुण्यात आयुष्यभर जर्मन शिकवत आलेल्या बाई. दुसरी त्यांच्याकडे पहिल्या दोन पातळ्या करून गावी परतलेली नर्स. पुढचं जर्मन ती मोबाइलवरून शिकते. इस्पितळात तिला सगळे सिस्टर म्हणतात, आपणही तेच म्हणू. दोघी कल्पित आहेत. गप्पा मारताना कुणी इतक्या सनावळ्या सांगत नाही हे खरं, पण तेवढी सूट लेखकाला द्यावी. दाखले मात्र खरे आहेत.

बाई : अगं, ज्याची ती मातृभाषा आहे त्याला ती शिकवता येते, हाच मुळात गैरसमज आहे. साधं ‘वाइल’ घे. जर्मनमध्ये कारण सांगताना ‘वाइल’ आलं की क्रियापद शेवटी जातं, हे तू माझ्याकडे घोकलंयस. ‘वाइल इश इन श्टुटगार्ट आर्बाइटन विल’. मराठी माणसाला हे जड जाऊ नये, आपलं क्रियापद शेवटीच असतं. आता तुझा मोबाइलवरचा मित्र बघ. तो स्वतः बोलताना बिनदिक्कत ‘वाइल इश विल इन श्टुटगार्ट आर्बाइटन’ म्हणतो, कारण बोलीत आता तसंच चालतं. तू तसं लिहिलंस तर तो हात लावणार नाही, आणि लावला तर का लावला हे त्याला सांगता येणार नाही. ‘असंच म्हणतात’ यापलीकडे त्याची धाव नसते. परीक्षेत मात्र तिथे गुण जातात. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या बी-वनला वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग, प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेत. मित्राने चालवून घेतलं ही सबब तिथे चालत नाही. कुठली चूक आधी धरायची आणि कुठली सहा महिने तशीच सोडायची, हे कळतं तो शिक्षक. परक्याला तुझं कुठे कच्चं आहे याचा पूर्वेतिहास माहीत नसतो. समोर आलेलं वाक्य बघायचं आणि पुढे सरकायचं. भरीला कंपन्यांचे दावे. ड्युओलिंगोच्या २०१२ च्या अभ्यासाचा दाखला जो तो देतो, ३४ तासांत विद्यापीठाच्या एका सत्राएवढं स्पॅनिश. तो अभ्यास कंपनीनेच पैसे देऊन करवला होता, आणि त्यातल्या चाचणीत तोंड उघडावंच लागत नव्हतं.

सिस्टर : बाई, परीक्षा द्यायचीच आहे, पण ती देऊन मी जाणार कुठे? बाडेन-व्युर्टेम्बर्गला. त्या राज्याने १९९९ पासून कितीतरी वर्षं स्वतःच्या जाहिरातीत मिरवलं की आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन जमत नाही. श्टुटगार्टच्या वॉर्डातले ऐंशीचे आजोबा मला ‘निश्ट’ म्हणणार नाहीत, ‘नेट’ म्हणतील. ‘इश’चं नुसतं ‘इ’ होईल. दुखतंय की नाही एवढं कळायला ते ‘नेट’ माझ्या कानावरून आधी कधीतरी गेलेलं हवं, आणि वर्गातल्या ध्वनिफितीत ते नसतं. राहिला शिक्षकांच्या दुरुस्तीचा मुद्दा. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॉन्ट्रियल भागातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक सर्वांत जास्त काय करत होते? मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतः बरोबर करून म्हणायचं आणि धडा पुढे न्यायचा. एकूण दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के या जातीच्या, आणि त्यांतल्या फक्त ३१ टक्क्यांना मुलांकडून काही प्रतिसाद आला. त्याच कॅनडात मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमात काढलेल्या मुलांना ऐकलेलं सगळं समजतं, पण बोलता-लिहिताना ती अडखळतात, कारण समोरच्याला समजेपर्यंत बोलणं भाग पडावं असे प्रसंग वर्गात फार येतच नाहीत. पंचवीस जणांच्या वर्गात दीड तासातली किती मिनिटं माझ्या वाट्याला यायची, ते तुम्हीच सांगा.

सिस्टरचा दाखला बिनतोड वाटतो, पण नीट वाचला तर तो दोन्ही बाजूंना लागतो. लिस्टर आणि रांटा यांच्या वर्गांत वाया गेलेली दुरुस्ती ही बोलण्याच्या ओघात, न थांबता केलेली होती. जिथे शिक्षक थांबले, ‘काय म्हणालास?’ असं विचारलं, किंवा बरोबर रूप मुलाकडूनच काढून घेतलं, तिथे प्रतिसाद कितीतरी जास्त होता. तेव्हा वर्ग की मोबाइल यापेक्षा चूक थांबून दाखवली जाते का, आणि शिकणाऱ्याला ती स्वतः पुन्हा हाताळावी लागते का, हे बघायला हवं. या कसोटीवर इंटरनेटवरची रीत खरोखर उजवी ठरू शकते. जपानमध्ये २००७ साली सुरू झालेल्या लँग-एटचं पान असं असायचं : तुम्ही परक्या भाषेत रोजनिशी लिहायची, संकेतस्थळ तिचं एकेक वाक्य सुटं करायचं, ती भाषा मातृभाषा असलेला कुणीही प्रत्येक वाक्याखाली आपलं वाक्य द्यायचा, चुकल्या शब्दावर रेघ, नवा शब्द रंगीत. हॅलोटॉकवर आजही आलेल्या संदेशावर बोट दाबून धरलं की दुरुस्तीचा पर्याय उघडतो, आणि मूळ वाक्य व सुधारलेलं वाक्य एकाखाली एक दिसतात. असं डोळ्यांसमोर आलेलं कानाआड करता येत नाही. लेखी दुरुस्तीचा काडीचा उपयोग नाही, असं जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये ठासून मांडलं आणि पुढे अनेक वर्षं त्यावर धुरळा उडत राहिला. पण न्यूझीलंडमध्ये जॉन बिचनर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’च्या दोनच वापरांवर दुरुस्त्या दिल्या होत्या, आणि सुधारणा दोन महिन्यांनीही टिकलेली आढळली. मेख आहे ती ‘दोनच’ या अटीत. दिसेल त्या चुकीवर रेघ ओढणारा परका आणि दोनच चुकांवर महिनाभर नजर ठेवणारा परका हे एकसारखे उपयोगाचे नाहीत, आणि दुसऱ्याने आधी महिनाभर आपल्याबरोबर टिकायला हवं. बाईंच्या पूर्वेतिहासाच्या आक्षेपाला उत्तर मिळालंच तर ते इथे मिळेल.

बाई : टिकतो का पण? संकेतस्थळंच टिकत नाहीत, तिथे माणसं कुठून टिकणार? लाइव्हमोका घे. २००७ मध्ये अमेरिकेत सिॲटलजवळ निघालं. सभासदांनी एकमेकांचे लेखी आणि बोली स्वाध्याय तपासायचे, त्याचे गुण मिळवायचे. १ कोटी ६० लाख सभासद झाल्याचं सांगत होते. २०१३ मध्ये रोझेटा स्टोनने ते विकत घेतलं, २०१६ मध्ये कुलूप घातलं. लँग-एटने २०१७ मध्ये नवे सभासद घेणं थांबवलं. ड्युओलिंगोच्या चर्चापीठावर लोक व्याकरणाचा कीस काढायचे, चर्चा चांगली असायची हे मीही मान्य करते. २०२२ मध्ये कंपनीने ते बंद केलं. त्याआधी २०१३ पासून तिथले कितीतरी अभ्यासक्रम स्वयंसेवकांनी उभे केले होते. २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली आणि त्याच वर्षी स्वयंसेवकांची योजना गुंडाळली. लोकांनी सद्भावाने दिलं, कंपनीने साठवलं, आणि गरज संपल्यावर त्यांना नमस्कार केला. अशा ठिकाणी मुलांनी आपली दोन-तीन वर्षं गुंतवावीत?

सिस्टर : सगळीकडे तसं झालं नाही. बुसू २००८ मध्ये माद्रिदमध्ये निघालं, पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेलं, तरी सभासदांनी एकमेकांचं लेखन तपासायची सोय तिथे राहिली. आणि संकेतस्थळ बुडालं म्हणून रीत बुडते का? ती इंटरनेटच्या आधीची आहे. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने १९६३ मध्ये मैत्रीचा करार केला, तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी संयुक्त संस्था काढली, आणि एक फ्रेंच, एक जर्मन अशा जोडीने एकमेकांना शिकवायची पद्धत त्यातून रुजली. नव्वदच्या दशकात बोखुमच्या विद्यापीठातून हेच काम ईमेलवर चालू झालं. नियम दोनच. दोघांनी सारखीच मेहनत द्यायची, अर्धा वेळ एका भाषेत, अर्धा दुसऱ्या. आणि काय शिकायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

बाई : म्हणजे मागे विद्यापीठ होतं.

सिस्टर : होतं ना. पण ते शिकवत नव्हतं, जोड्या लावून देत होतं.

या शेवटच्या उत्तरात सिस्टर स्वतःच्या नकळत बाईंना अर्धं यश देऊन बसली आहे, आणि माझ्या मते वादाचा गाभाही तोच आहे. भाषेची ही देवाणघेवाण म्हणजे उसनवारी. शेजारणीने वाटीभर साखर उसनी नेली की ती परत येते, कारण उद्या पुन्हा तेच दार वाजवायचं असतं. नेणारी कोण, देणारी कोण हे दोघींना ठाऊक असतं आणि हिशोब वहीत मांडावा लागत नाही. लाइव्हमोकासारख्या संकेतस्थळांनी हाच व्यवहार गुणांमध्ये मांडला. कुणाचाही स्वाध्याय तपासा, गुण मिळवा. ज्याला दिलं त्याच्याकडून परत मिळायचं नाही, ज्याच्याकडून मिळालं त्याला द्यायचं नाही. अशा हिशोबात कमीत कमी वेळात जास्तीत जास्त गुण मिळवणं शहाणपणाचं ठरतं, आणि ‘छान, असंच लिहीत राहा’ एवढा शेरा सर्वांत स्वस्त पडतो. दुरुस्ती करणारा वाईट असतो असं नाही. त्याला पुन्हा तुमच्याकडे यायचं नसतं, इतकंच. संकेतस्थळ जितकं मोठं तितकं नवं माणूस मिळणं सोपं, आणि तितकंच जुनं सोडणंही सोपं. म्हणून सभासदांचा आकडा हा यशाचा पुरावा धरता येत नाही. कोट्यवधींचं लाइव्हमोका बंद पडलं आणि मोजक्या विद्यापीठांच्या जोड्या चालल्या, याचं मला नवल वाटत नाही.

समोर कुणी नसेल तर काय होतं, याचाही पुरावा आहे. कॅथरीन निल्सन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सरकारी कर्मचाऱ्यांना भाषा शिकवणारं नामांकित सॉफ्टवेअर फुकट दिलं होतं. माणसं आपणहून पुढे आलेली, सुशिक्षित, गरजू. शेवटच्या चाचणीपर्यंत पोचले ते बोटांवर मोजण्याइतके. आता याच्या उलट टोकाला एमआयटीत १९९७ मध्ये सुरू झालेला ‘कुल्तुरा’ प्रकल्प ठेवा. फ्रेंच शिकणारे अमेरिकी विद्यार्थी आणि फ्रान्समधले विद्यार्थी एकाच प्रश्नावलीची उत्तरं लिहीत : चांगला शेजारी कोण, चांगला पालक कोण. मग दोन्हीकडची उत्तरं शेजारी शेजारी लावून इंटरनेटवर चर्चा. गंमत म्हणजे चर्चेत ज्याने त्याने आपल्याच भाषेत लिहायचं, म्हणजे मनातलं पुरतं लिहिता येतं आणि समोरच्याला अस्सल भाषा वाचायला मिळते. इथे दोन्हीकडे शिक्षक होते, सत्राच्या तारखा होत्या, आणि उत्तर दिलं नाही तर कुणीतरी वाट पाहत आहे हे माहीत होतं. तंत्रज्ञान निल्सन यांच्या सॉफ्टवेअरपेक्षा जुनाट होतं. टिकवलं ते वाट पाहणाऱ्या माणसाने.

बाई : लेखक उसनवारी म्हणतात ते ठीक. पण आपल्या वाटीत साखर आहे का? जर्मन मुलाला हवं असतं इंग्रजी, स्पॅनिश, हल्ली जपानी. मराठी मागणारा शोधून सापडला तर नशीब. मग आपण इंग्रजी देतो म्हणतो, आणि त्याला हवा असतो लंडनचा नाहीतर न्यूयॉर्कचा माणूस. भारतीय नाव बघून तो पुढे सरकतो. मुलगी असेल तर उलटा त्रास. तिला शिकवायला रोज दहा जण तयार, आणि चौथ्या संदेशात फोटोची मागणी. वर्गात निदान दार उघडं असतं आणि बाहेर शिपाई बसलेला असतो.

सिस्टर : फोटो मागणाऱ्याला तिथल्या तिथे ब्लॉक करायचं, फक्त बायकांनाच आपण दिसू अशी सोय असेल ते ॲप घ्यायचं, आणि फोन नंबर कुणाला द्यायचा नाही. त्रास आहे, नाकारत नाही. बसच्या प्रवासातही आहे. मराठीचं म्हणाल तर तुम्ही चुकीच्या जर्मनांना विचारताय. श्टुटगार्ट-म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या मराठी घरांतली मुलं जर्मन शाळेत जातात. जर्मन त्यांना पाणी प्यावं तसं येतं. मराठी मात्र आजीशी फोनवर ‘बरी आहेस का’ विचारण्यापुरतं, आणि आईबापांना त्याची खंत असते. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ मुलांसाठी मराठी शाळा चालवतं ते याच गरजेतून. माझी मराठी त्या मुलीच्या उपयोगाची, तिचं जर्मन माझ्या. आणि ती शिकते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत तुमचं ‘निश्ट’ फार ऐकू येत नसेल.

बाई : आणि ती मुलगी मिळालीच नाही तर?

सिस्टर : तर फलटणला बघा. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून येऊन तिथे राहिल्या, मराठी इतकी शिकल्या की परदेशी लोकांना मराठी शिकवायची पुस्तकं केली. त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवनात सुगाता मित्र यांच्या ‘स्कूल इन द क्लाउड’ प्रकल्पाचं केंद्र होतं. परदेशातले स्वयंसेवक, कितीतरी निवृत्त शिक्षक, स्काइपवरून मुलांशी इंग्रजीत बोलायचे. त्यांना मराठी नको होती.

बाई : मग त्यांना काय मिळालं?

सिस्टर : मुलं ठरल्या वेळी येऊन बसायची, ते मिळालं.

वाटीतल्या साखरेचा बाईंचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो आणि सिस्टरने तो पुरता परतवलेला नाही. भाषाविनिमयाच्या ॲपवर भाषांचे भाव सारखे नसतात. इंग्रजी जन्मापासून बोलणाऱ्याला तिथे रांग लागते. मराठी, कन्नड किंवा स्वाहिली बोलणारा दारात उभा राहतो. सगळे समान आहेत हा या माध्यमांचा डौल आहे, प्रत्यक्षात तिथे जगातली उतरंड जशीच्या तशी उमटते. फलटणच्या उदाहरणाने एवढंच दिसतं की काही माणसं काही न घेता देतात. त्यावर १० हजार जणांची योजना उभी राहत नाही. परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलांचा मुद्दा मात्र वेगळा आहे. तिथे मराठीला खरी गरज आहे, म्हणून खरी किंमतही. ही मुलं व्याकरण समजावणार नाहीत, ते बाईंनीच समजवावं. पण अर्धा तास जर्मन आणि अर्धा तास मराठी असं दर आठवड्याला बोलण्यात दोघांचाही सारखाच स्वार्थ आहे, आणि बोखुमचा पहिला नियम तोच होता. शिवाय दोन्हीकडची घरं एकमेकांना ठाऊक असली की बाईंच्या शिपायाचं कामही आपोआप होतं.

बाई : एवढा खटाटोप हवाच कशाला? आता चॅटबॉटला वाक्य दिलं की क्षणात दुरुस्त करून मिळतं. ‘वाइल’चा नियम तो माझ्यासारखाच सांगतो, आणि शंभरदा विचारलं तरी माझ्यासारखा वैतागत नाही. फोटो मागत नाही, मराठी आहेस म्हणून टाळत नाही. पाया वर्गात, सराव यंत्राशी. तुझा परका मध्ये बसतो कुठे?

सिस्टर : ते यंत्र दुरुस्ती शिकलं कुठून, बाई? लँग-एटवर लोकांनी एकमेकांसाठी फुकट केलेल्या दुरुस्त्या जपानमधल्या संशोधकांनी २०११ पासूनच चुका सुधारणाऱ्या प्रणाली घडवायला वापरल्या, आणि २०२१ मध्ये गूगलच्या संशोधकांनी त्याच संग्रहाची साफसूफ केलेली आवृत्ती काढली. नव्या सभासदांना दार बंद झालं, पण जुन्यांच्या दुरुस्त्या अजून कामाला आहेत. आणि तुमच्याच परीक्षेचं बोला. बी-वनच्या तोंडी परीक्षेला दोन उमेदवार समोरासमोर बसवतात. एखादा बेत दोघांनी मिळून ठरवायचा : कधी जायचं, कसं जायचं, काय न्यायचं. समोरचा पुटपुटतो, तुटक बोलतो, मधेच गप्प होतो. त्याला सांभाळून घेत बोलायचं असतं. हा सराव यंत्राशी कसा होणार?

इथे मी सिस्टरच्या बाजूने आहे, आणि कारण तिने सांगितलं त्याहून थोडं वेगळं आहे. दुरुस्तीत यंत्र माणसापेक्षा सरस ठरेल हे मान्यच करावं. ‘वाइल’च्या बाबतीत ते आजच ठरतं. पण मायकेल लाँग यांनी ऐंशीच्या दशकापासून जो सिद्धान्त मांडला त्याचा रोख दुरुस्तीच्या आधीच्या क्षणावर आहे. समोरच्याला आपलं बोलणं कळत नाही, त्याच्या कपाळावर आठी येते, तो ‘म्हणजे?’ म्हणतो; मग आपण शब्द बदलतो, वाक्य मोडून पुन्हा बांधतो, आणि अर्थासाठी झालेल्या या ओढाताणीत भाषा अंगी लागते. चॅटबॉटला अर्धंमुर्धं, मोडकं, तीन भाषांत मिसळलेलं काहीही दिलं तरी तो समजून घेतो. तेच त्याचं कौशल्य, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तीच उणीव. जिथे न समजण्याचा धोकाच नाही, तिथे स्पष्ट बोलण्याची गरजही पडत नाही. त्याला ‘मुद्दाम न समजल्यासारखं कर’ असं सांगता येतं, पण त्या नाटकात शिकणाऱ्याची अडचण कुणाचीच अडचण होत नाही. श्टुटगार्टच्या वॉर्डात ती होणार आहे. तिथे ‘नेट’ कळलं नाही तर गोळी चुकू शकते.

म्हणून माझा निवाडा असा. पहिल्या दोन पातळ्या बाईंच्या वर्गात व्हाव्यात, जिथे वर्ग नाही तिथे बाईंनी ऑनलाइन घ्याव्यात. त्याआधी परक्याशी बोलायला लावणं म्हणजे दोघांचाही वेळ दवडणं. त्यानंतर ॲपचा उपयोग माणूस शोधण्यापुरता. सापडलेल्या दहांतले नऊ सोडावेत, एकाला धरावं, वार आणि वेळ ठरवावी, कुठल्या दोन चुकांवर या महिन्यात लक्ष ठेवायचं ते एकमेकांना सांगावं. गुण, बिल्ले, सलग दिवसांचे आकडे यांच्याकडे बघू नये. दुरुस्तीसाठी यंत्र वापरायला हरकत नाही. आणि ज्या ॲपवर आपण दुसऱ्यांना फुकट शिकवतो ते उद्या बंद होईल असं धरूनच चालावं. जोडीदाराचा ईमेल पत्ता, भरवसा बसल्यावर, वहीत उतरवून ठेवावा.

राज्याच्या करारात आजवर चर्चा झाली ती शिक्षकांची, वर्गांची आणि व्हिसाची. जोड्या लावण्याचं काम त्यात कुणाचंच नाही. ते सरकारने करावं अशी माझी अपेक्षाही नाही, कारण सरकार त्यासाठी आधी पोर्टल काढेल. जर्मनीतल्या मराठी मंडळांनी ते हाती घ्यावं. गणपतीच्या कार्यक्रमासाठी कुटुंबांची यादी त्यांच्याकडे असतेच. त्यात ज्यांची मुलं दहा वर्षांच्या पुढची आहेत आणि आठवड्यातून एक तास द्यायला तयार आहेत, त्यांची नावं वेगळी काढावीत, आणि इकडे जर्मनची दुसरी पातळी पार केलेल्यांच्या यादीशी जुळवावीत. वेळेचा प्रश्नही अवघड नाही : जर्मनीत रविवारी सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात.